साहाय्य-संभाषणांचे स्वरूप : 'फायर एम्ब्लेम' खेळमालिकेच्या संदर्भात

डावपेचांच्या भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये युद्ध आणि कथानक असे दोन प्रवाह वाहत असतात, आणि त्यांचा सांधा बहुधा ढिला राहतो. पटावर सैन्य हलते, लढाई संपते, मग पात्रे बोलू लागतात. बोलणे झाले की पुन्हा पट मांडला जातो. लढणारा आणि बोलणारा हे एकच पात्र आहे, यावर खेळाडूने केवळ विश्वास ठेवावयाचा असतो. जपानमधील 'इंटेलिजंट सिस्टिम्स' या संस्थेने रचलेल्या आणि 'निन्टेन्डो'ने १९९० पासून प्रसिद्ध केलेल्या 'फायर एम्ब्लेम' या मालिकेत हा सांधा घट्ट करणारा एक संवादप्रकार निर्माण झाला. जपानीत त्याला 'शिएन काइवा', म्हणजे साहाय्याचे संभाषण, असे नाव आहे. या खेळांचे रसिक आपापल्या आवडत्या संभाषणांची चर्चा मोठ्या हौसेने करतात. ती चर्चा बहुधा पात्रांच्या स्वभावाविषयी, त्यांच्या प्रेमाविषयी आणि अमक्याशी तमकीची जोडी शोभते की नाही याविषयी असते. संभाषण ज्या अटींवर घडते त्या अटींचा विचार त्यात फारसा होत नाही. वस्तुतः या प्रकाराचा रस त्याच्या शब्दांत जितका आहे, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या अटींत आहे.

या अटी प्रथम स्पष्ट झाल्या त्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'बाइंडिंग ब्लेड' या खेळात. त्याची पूर्वचिन्हे आधीच दिसतात. १९९४च्या खेळात विशिष्ट पात्रे जवळ उभी राहिली म्हणजे त्यांना गुप्तपणे बळ मिळत असे, आणि १९९६च्या खेळात प्रेमसंबंध जुळून पुढची पिढी रणांगणावर येत असे. परंतु जवळीक आणि संवाद यांची नियमबद्ध सांगड तेथे नव्हती. 'बाइंडिंग ब्लेड' आणि त्यानंतरचा २००३चा 'ब्लेझिंग ब्लेड' यांत ती पूर्ण झाली. ठराविक दोन पात्रे पाळीच्या अखेरीस लगतच्या घरांत असली तर त्यांच्या स्नेहाचे गुण वाढतात. गुण पुरेसे साठले की त्या दोघांना युद्ध चालू असतानाच एकमेकांशी बोलता येते. अशी संभाषणे तीन. त्यांच्या श्रेणी 'सी', 'बी' आणि 'ए'. प्रत्येक पायरीसाठी सुमारे ८० गुण साठवावे लागतात, आणि काही जोड्यांचे गुण इतके सावकाश वाढतात की त्यांना जवळ ठेवून पाळीमागून पाळी घालवावी लागते. एका पात्राला एका खेळात एकूण पाचच संभाषणे करता येतात आणि 'ए' श्रेणी एकाच व्यक्तीशी गाठता येते. स्नेह जुळला म्हणजे दोघांचा नेम, बचाव आणि प्रहार सुधारतो. त्यासाठी मात्र लगत असण्याची गरज उरत नाही. तीन घरांपर्यंतचे अंतर चालते. मैत्री जुळण्यास शेजार हवा आणि जुळल्यावर थोडा दुरावाही सोसतो, हा नियम अंकगणिताचा असला तरी तो करणाऱ्याला माणसांची पारख होती यात शंका नाही.

या योजनेवर एक आक्षेप सहज सुचतो आणि तो वरवरचा नाही. स्नेहाचे रूपांतर अंकांत झाले, मित्र हा नेम सुधारण्याचे साधन ठरला, तर भावनेचा अवमान होत नाही काय? खेळाडू दोन पात्रांना एकत्र आणतो तो त्यांच्या सुखासाठी नव्हे, तर शत्रूवर अधिक अचूक घाव बसावा म्हणून, असे म्हणता येईल. परंतु हा आक्षेप घेणारा हिशेबाची एकच बाजू पाहतो. 'ब्लेझिंग ब्लेड'मध्ये खेळाडूच्या कामगिरीचे मूल्यमापन होते आणि डावपेचांचे गुण ठरविताना किती पाळ्यांत लढाई आटोपली हे पाहिले जाते. दोन पात्रांना बोलते करण्यासाठी जो खेळाडू शेवटचा शत्रू जिवंत ठेवून पाळ्या घालवितो, तो सेनापती म्हणून कमी प्रतीचा ठरतो. स्नेह बळ देतो; पण त्याआधी तो वेळ मागतो, आणि वेळ हेच या पटावरील सर्वांत मोलाचे द्रव्य आहे. भावनेला किंमत असणे म्हणजे ती विकाऊ असणे नव्हे. जिच्यासाठी काहीच द्यावे लागत नाही अशी भावना कथेत सांगितली जाते. जिच्यासाठी काही द्यावे लागते ती खेळात घडते.

भारतीय नाट्यविचारात या संभाषणांना नेमके कोठे बसवावे, हा प्रश्न उद्बोधक आहे. दोन अंकांच्या मध्ये येणारा विष्कंभक प्रथम आठवतो. पण विष्कंभकाचे काम न दाखविलेली घटना कळविणे हे असते, आणि तो गाळला तर पुढचा अंक समजत नाही. साहाय्य-संभाषण गाळले तर कथानकाचे काहीच अडत नाही. प्रकरी, म्हणजे मुख्य कथेत थोडा काळ येऊन जाणारे लहान उपकथानक, ही संज्ञा अधिक जवळची. तरीही एक भेद उरतो. प्रकरी प्रत्येक प्रेक्षकासमोर येते. येथे मात्र कोणत्या दोघांचे बोलणे ऐकू येईल हे खेळाडूने त्यांना कोठे उभे केले यावर ठरते, आणि पाच संभाषणांच्या मर्यादेमुळे एकाचे ऐकताना दुसऱ्याचे न ऐकणे अटळ होते. सर्व संभाषणे वाचावयाची तर खेळ अनेकदा पूर्ण करावा लागतो. नाटककाराने लिहिलेले, पण प्रत्येक प्रयोगात बहुतांशी न बोलले जाणारे असे हे नाट्य आहे.

उदाहरण म्हणून 'ब्लेझिंग ब्लेड'मधील एलिवूड आणि हेक्टर यांची जोडी घ्यावी. एलिब खंडातील लिसिया या सरदारांच्या संघराज्यात एलिवूड हा फेरेचा वारस आणि हेक्टर हा ओस्टियाच्या अधिपतीचा धाकटा भाऊ. एक सौम्य, दुसरा उतावळा. एकाच्या हाती तलवार, दुसऱ्याच्या हाती परशू. त्यांची संभाषणे बालपणच्या सख्याभोवती आणि अडचणीत एकमेकांसाठी धावून जाण्याच्या निष्ठेभोवती फिरतात. शब्द साधे आहेत. कोणत्याही कुमारकथेत असे मित्र सापडतील. परंतु 'ब्लेझिंग ब्लेड' ही 'बाइंडिंग ब्लेड'च्या सुमारे वीस वर्षे आधीची कथा आहे, आणि त्या आधी प्रसिद्ध झालेल्या पण पुढच्या काळाच्या कथेत काय होते हे जपानी खेळाडूला ठाऊक होते. तेथे एलिवूड आजारी आहे. सैन्य त्याचा मुलगा रॉय चालवितो. आणि प्रारंभीच्याच अध्यायांत आराफेनच्या गढीत रॉयला हेक्टर मरणोन्मुख अवस्थेत सापडतो. आपली मुलगी लिलिना आणि लिसियाचा भार त्याच्यावर सोपवून हेक्टर प्राण सोडतो. म्हणजे परस्परांच्या मदतीला धावण्याची भाषा करणाऱ्या दोन तरुणांपैकी एक जण ज्या क्षणी पडेल, त्या क्षणी दुसरा अंथरुणाला खिळलेला असेल. हे त्या दोघांना ठाऊक नाही. खेळाडूला ठाऊक आहे. शिवाय 'ब्लेझिंग ब्लेड'च्या कथानकातच आर्मॅड्स हा परशू उचलणाऱ्यास शय्येवर शांत मरण येणार नाही, अशी सूचना हेक्टरला दिली जाते आणि तो ती स्वीकारतो. या सर्व पार्श्वभूमीवर त्या साध्या शब्दांना जे वजन येते ते लेखनशैलीचे नाही. ते स्थानाचे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २००३ साली 'ब्लेझिंग ब्लेड' जपानबाहेर गेला तेव्हा मालिकेचा तो पहिलाच परदेशी अवतार होता. त्याच्या आधीचा 'बाइंडिंग ब्लेड' इंग्रजीत आलाच नव्हता. त्यामुळे इंग्रजी आवृत्तीतून खेळणाऱ्याला हेच संभाषण केवळ उमद्या तारुण्याचे चित्र म्हणून भेटले. शब्द तेच, अनुवादही चांगला. तरी नाट्यात्म उपरोध मात्र सीमेवरच राहिला.

याच खेळातील निनो आणि जॅफर यांची जोडी निराळ्या कारणाने लक्षणीय आहे. जॅफर हा मारेकऱ्यांच्या टोळीतील, जवळजवळ मुका म्हणावा असा तरुण. निनो ही त्याच टोळीतील, प्रेमाविना वाढलेली आणि तरीही हसतमुख राहिलेली लहान मुलगी. दोघेही खेळाच्या उत्तरार्धात सैन्यात येतात. शिल्लक अध्याय थोडे, शत्रू प्रबळ आणि निनो आल्यावेळी इतकी दुबळी की एका घावात पडावी. तिला जपण्यासाठी जॅफरला तिच्या शेजारी उभे करणे हा डावपेचांच्या दृष्टीने साधा निर्णय आहे. पण ती दोघे कथेतही नेमके हेच करीत असतात. जॅफर आयुष्यात प्रथमच कोणाला तरी मारण्याऐवजी राखतो आहे, हे संवाद सांगण्यापूर्वी पट सांगून चुकलेला असतो. संवादाला मग फार बोलावे लागत नाही, आणि जॅफरच्या तुटक उत्तरांत ती काटकसर शोभून दिसते. 'ए' श्रेणी गाठल्यास खेळाच्या अखेरीस दोघांच्या विवाहाची आणि नंतर जॅफरच्या मागावर आलेल्या शिकाऱ्यांमुळे मोडलेल्या संसाराची हकीकत दोन-चार वाक्यांत येते. त्या थोडक्या वाक्यांना जो चटका आहे तो लांबलचक उपसंहाराला आला नसता.

विनोदी संभाषणांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. अखंड बडबड करणारी, स्वतःच्या कुलीनतेचे पोवाडे गाणारी धर्मसेविका सेर्रा आणि तिच्या सोबतीला नाइलाजाने राहिलेला अभ्यासू जादूगार अर्क यांचे संवाद प्रहसनाच्या जुन्या रीतीचे आहेत. तरीही वेढा पडलेला असताना कोणीतरी असे क्षुल्लक बोलत आहे, यातच त्यांची मौज आहे. तेच बोलणे दिवाणखान्यात आले असते तर कंटाळवाणे झाले असते.

आता या प्रकाराच्या मर्माकडे वळता येईल. 'फायर एम्ब्लेम'चा १९९० पासूनचा प्रसिद्ध नियम असा की लढाईत पडलेले पात्र सामान्यतः परत येत नाही. त्यामुळे तीन संभाषणांची मालिका कोठेही तुटू शकते. 'सी' झाले, 'बी' झाले, आणि पुढल्याच अध्यायात एखाद्या धनुर्धराचा बाण चुकून लागला, तर तिसरे संभाषण लिहिलेले असूनही ते कधीच उच्चारले जाणार नाही. दुसऱ्या संभाषणात एखादी गोष्ट 'नंतर सांगेन' अशा सुरात सोडलेली असते. ती तशीच राहते. रूढ शोकांतिकेत नाटककार मृत्यूची जागा निवडतो आणि अखेरचे शब्द लिहून ठेवतो. येथे मृत्यूची जागा कोणी निवडलेली नाही. म्हणूनच तो युद्धातील मृत्यूसारखा वाटतो. या मालिकेतील उत्तम संभाषण कोणते, या प्रश्नाला पुष्कळदा खरे उत्तर असे असेल की जे ऐकावयाचे राहून गेले ते.

यावर असे म्हटले जाईल की बहुतेक खेळाडू पात्र पडताच अध्याय पुन्हा प्रारंभापासून खेळतात, मग हा मृत्यू खरा कसा? गोष्ट सत्य आहे. पण पुन्हा खेळणे ही निर्विकार कृती नव्हे. तास-दीड तासाचा डाव एका गौण धनुर्धरासाठी मोडण्याचा निर्णय खेळाडू घेतो तेव्हा त्या पात्राचे मोल त्याने आपल्या वेळात मोजलेले असते. आणि अनुभव असा की ज्याच्याशी कोणाचे संभाषण सुरू झाले आहे त्याच्यासाठी डाव मोडला जातो, आणि ज्याचे कोणाशी बोलणे झालेले नाही त्याला पडू दिले जाते. संभाषणाने पात्राला जीव येतो हे विधान येथे अक्षरशः खरे ठरते.

या दृष्टीने मालिकेचा पुढील इतिहास पाहिला म्हणजे तो सरळ प्रगतीचा वाटत नाही. २००५च्या 'पाथ ऑफ रेडियन्स'मध्ये संभाषणे रणांगणावरून छावणीत गेली, आणि लगत उभे राहण्याऐवजी दोघे किती अध्याय एकत्र लढले हे मोजले जाऊ लागले. पाळ्या घालविण्याचा कंटाळवाणा खटाटोप संपला आणि लेखन अधिक प्रौढ झाले. नायक आयक आणि त्याचा कटू वाणीचा सल्लागार सोरेन यांची संभाषणे याची साक्ष देतात. मानव आणि पशुरूप धारण करणारे लागूझ यांच्या संकरातून जन्मलेल्यांना दोन्ही समाज अस्पृश्य मानतात; आपण त्यांपैकी आहोत हे सोरेन आयकला शेवटी सांगतो, आणि आयकला त्यात विशेष काहीच वाटत नाही. ही निर्विकारता हेच त्याच्या स्नेहाचे प्रमाण होय. हे संभाषण छावणीच्या निवांतपणातच शक्य होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु २००७च्या 'रेडियंट डॉन'ने या वाटेचे दुसरे टोक दाखविले. तेथे जवळजवळ कोणालाही कोणाशीही स्नेह जोडता येतो आणि त्याचा परिणाम म्हणजे दोन-चार साचेबंद वाक्ये. कोणाशीही जुळणारा स्नेह कोणाचाच राहत नाही. निवडीची मर्यादा नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर संवादही नाहीसा झाला.

२०१० साली मालिकेत पडलेली पात्रे पुढील अध्यायात परत येतील अशी सोय प्रथम आली, आणि २०१२च्या 'अवेकनिंग'मध्ये ती दूरवर पोचली. नवख्यांना ही सोय उपकारक झाली यात संशय नाही. पण याच खेळात विवाहाची 'एस' ही चौथी पायरी आली, भविष्यकाळातून येणारी अपत्ये आली, आणि जोड्यांची संख्या इतकी वाढली की लेखकांना प्रत्येक पात्राला एकेक ठळक लकब देऊन भागवावे लागले. गायसला गोड खाण्याचे वेड. मग तो कोणाशीही बोलो, मिठाई फार दूर नसते. अपत्य आणि पिता यांची संभाषणे तर पिता कोणीही असला तरी बव्हंशी तीच राहतात. बहुतेक स्त्री-पुरुष जोड्या शेवटी विवाहाकडेच जाऊ शकतात असे ठरले की स्नेहाच्या इतर छटांना, उदाहरणार्थ आदराला, अपराधभावाला किंवा न फिटलेल्या ऋणाला, जागा कमी पडते.

२०१९च्या 'थ्री हाउसेस'चे यश म्हणूनच अनपेक्षित होते. संभाषणे येथेही रणाबाहेर, एका मठातील विद्यालयात घडतात; ती लांब आहेत आणि नटांच्या आवाजात ऐकू येतात. तरी त्यांत पूर्वीचा ताण परत आला, कारण पाच वर्षांच्या खंडानंतर हेच सहाध्यायी परस्परविरोधी सैन्यांत विभागले जातात, आणि काही जोड्यांची 'ए' श्रेणी त्या खंडानंतरच खुली होते. इंग्रिड आणि डेड्यू यांची संभाषणे या खेळातील सर्वांत धीट म्हणावी लागतील. डस्करच्या हत्याकांडात इंग्रिडचा वाग्दत्त वर ग्लेन मारला गेला. डेड्यू हा डस्करचा, आणि त्या घटनेच्या सूडापोटी त्याचा समाज राजसैन्याने जवळजवळ नामशेष केला. दोघेही राजपुत्र डिमिट्रीची निष्ठावंत माणसे, एकाच वर्गात बसणारी. इंग्रिडचा द्वेष चुकीचा आहे हे लेखक घाईने दाखवून देत नाही. ती सरळ मनाची आहे आणि तरीही द्वेष करते, एवढेच प्रथम दिसते. डेड्यू स्वतःचे समर्थन करीत नाही. ज्याचे सर्वस्व गेले त्याच्यावर आपले दुःख समजावून सांगण्याचीही जबाबदारी पडावी, ही विषमता लेखकाने न बोलता ठेवली आहे. या प्रकाराला 'साहाय्य' हे नाव आहे, आणि येथे साहाय्य म्हणजे शेजारच्या घरात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहता येणे एवढेच.

फर्डिनांड आणि ह्यूबर्ट यांच्या जोडीत हाच ताण हलक्या हाताने हाताळलेला आहे. दोघेही एडेलगार्डच्या सेवेत, एकमेकांचा मत्सर करणारे. एक चहाचा भोक्ता, दुसरा कॉफीचा. वाद घालता घालता ते अशा ठिकाणी येतात की एकाने दुसऱ्यासाठी चहा आणि दुसऱ्याने पहिल्यासाठी कॉफी आणलेली असते. आणि फेलिक्स व सिल्व्हेन हे बालमित्र तर मरावयाचे ते बरोबरच, असे लहानपणी ठरवून बसलेले. परंतु खेळाडूने एडेलगार्डचा पक्ष धरला, फेलिक्सला आपल्या वर्गात घेतले आणि सिल्व्हेनला घेतले नाही, तर टेल्टीनच्या मैदानावर सिल्व्हेन शत्रूच्या रांगेत उभा असतो. फेलिक्सला त्याच्या लगतच्या घरात नेता येते; परंतु तेथे उघडणाऱ्या आज्ञांच्या यादीत 'हल्ला' हाच शब्द असतो.